दिवसा दिवा कशाला? मोटारीच्या एका बटणाचा इतिहास



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांची चिठ्ठी आली होती. लिहिलं होतं, "नवी गाडी घेतली. इंजिन सुरू केलं की भर दुपारीही पुढचे दिवे आपोआप लागतात. ते बंद कसे करायचे, कुणी नीट सांगत नाही. इतिहासात काही सापडलं तर सांगा." आम्ही वाचून हसलो. म्हटलं, हा प्रश्न गॅरेजवाल्याला विचारायचा, आम्हाला नव्हे. पण नंतर लक्षात आलं की या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे. दिवा बंद करायचं बटण आधी होतं, मग ते गेलं कुठे? कुणी काढून नेलं आणि कुणाच्या भल्यासाठी? हा प्रश्न मात्र इतिहासाचाच आहे. आज आपण तोच पाहू.

सुरुवात साध्या गोष्टीपासून करू. मोटारीला दिवा आला तो चालवणाऱ्याला रस्ता दिसावा म्हणून. दिवसा रस्ता दिसतोच, मग दिवा कशाला? आपल्या भाषेत दिवसा मशाल पेटवणं म्हणजे उधळपट्टी. म्हणून तर आपल्याकडे, पुण्यात असो की कोल्हापुरात, दिवसा कुणाच्या स्कूटरचा दिवा चालू दिसला की समोरून येणारा माणूस हाताची बोटं उघडमीट करून दाखवायचा, "अहो, लाइट चालू राहिलाय!" ओळख ना पाळख, पण बॅटरी उतरेल म्हणून काळजी. किती छान रीत होती बघा! आणि त्या रीतीमागे एक गृहीतक होतं: दिवसा लागलेला दिवा म्हणजे विसरलेला दिवा.

हे गृहीतक जगभर होतं. ते मोडायला लोकांना दिव्याची दुसरी बाजू कळावी लागली. दिवा दोन कामं करतो. एक, मला दिसावं. दुसरं, मी दिसावं. पहिलं काम रात्रीचं. दुसरं काम रात्रीचंही आणि दिवसाचंही. या दुसऱ्या कामाची किंमत एका देशाला फार महागात कळली, तीही दिवे बंद केल्यावर.

१ सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट सुरू झाला. वरून बॉम्बफेकी विमानांना शहरं दिसू नयेत म्हणून रस्त्यावरचे दिवे बंद, खिडक्यांना काळे पडदे, आणि मोटारींच्या हेडलाइटवर झडपांची टोपी, तिच्यातून जेमतेम तिरीप बाहेर पडेल एवढीच. पेट्रोलला रेशन लागलं, म्हणजे रस्त्यावर खासगी गाड्या कमी झाल्या. मग अपघात कमी व्हायला हवेत ना? उलट झालं. १९३८ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ६,६४८ माणसं गेली होती. १९४१ साली ९,१६९ गेली. त्यात पायी चालणारे पुष्कळ होते. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना १९७१ च्या युद्धातला ब्लॅकआउट आठवत असेल. हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या काचेला काळा रंग फासायचे. तर, दिवा फक्त चालवणाऱ्याच्या सोयीचा नसतो, समोरच्याच्या जिवाचाही असतो, हे रात्रीपुरतं सगळ्यांना पटलं.

दिवसापुरतं पटायला मात्र उत्तरेकडे जावं लागलं. फिनलंडमध्ये. हेलसिंकीत डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा. मुंबईतला सगळ्यात लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो, म्हणजे फरक लक्षात घ्या. शिवाय तो सहा तासांचा दिवससुद्धा आपल्यासारखा लख्ख नाही. सूर्य क्षितिजाला टेकलेला, सावल्या लांबलचक, दोन्ही बाजूंना गर्द झाडी, मध्ये करडा रस्ता आणि त्यावर करडी मोटार. दुपदरी रस्त्यावर पुढच्याला ओलांडायला तुम्ही बाहेर आलात आणि समोरची गाडी दिसलीच नाही, तर संपलं. म्हणून १९७२ साली फिनलंडने कायदा केला: हिवाळ्यात, गावाबाहेरच्या रस्त्यांवर, दिवसाही दिवे लावायचे. पुढे ज्या पाहण्या झाल्या त्यात असं आलं की दिवसा दोन किंवा अधिक वाहनांमध्ये होणारे अपघात सुमारे २१ टक्क्यांनी कमी झाले. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढे याच आकड्यांवरून बरीच भांडणं झाली.

मग स्वीडन. १ ऑक्टोबर १९७७ पासून तिथे बारा महिने, सगळ्या रस्त्यांवर, दिवसा दिवे सक्तीचे झाले. आता इथे खरी गंमत सुरू होते. कायदा केला, पण तो पाळायचा कुणी? चालवणाऱ्याच्या बोटाने. माणूस सकाळी दिवे लावायचा विसरायचा, आणि लावले तर ऑफिसपाशी बंद करायचे विसरायचा. संध्याकाळी बॅटरी ठार. मग गाड्या बनवणाऱ्यांनी उपाय काढला: दिवा किल्लीला जोडा. किल्ली फिरवली की दिवा लागला, किल्ली काढली की विझला. व्होल्व्होने तर पूर्ण हेडलाइट न जाळता पुढच्या कोपऱ्यात २१ वॅटचा वेगळा बल्ब दिला. रस्ता उजळण्याइतका प्रकाश त्यात नव्हता, तो फक्त गाडी दिसावी यासाठी होता. डे-टाइम रनिंग लाइट, म्हणजे आपण ज्याला आता डीआरएल म्हणतो, तो असा वेगळा जन्माला आला.

आणि बटण? बटण इथे पहिल्यांदा हरवलं. बोटाकडून तारेकडे गेलं. मुद्दाम सांगतो, कारण आजचा सगळा विषय या एका वाक्यात आहे. आधी राज्याने माणसाला सांगितलं, दिवा लाव. माणूस ऐकत नाही किंवा विसरतो असं दिसल्यावर तेच गाडीला सांगितलं.

या गाड्या परदेशात गेल्या तेव्हा मजा झाली. इंग्लंडच्या रस्त्यावर व्होल्व्हो दिवसा दिवा लावून निघाली की समोरचे लोक हेडलाइट मिचकावून सांगायचे, "दिवे राहिलेत!" आपल्या पुण्यातल्या बोटांच्या उघडमिटीचाच हा विलायती अवतार. शेवटी कंपनीने काही मॉडेल्समध्ये दिव्याच्या बटणाशेजारी एक छोटा स्क्रू ठेवला. बारीक स्क्रूड्रायव्हरने तो फिरवला की दिवसाचा दिवा बंद. म्हणजे हरवलेलं बटण स्क्रूच्या रूपात परत आलं, पण सहजासहजी बोट लागणार नाही अशा जागी. तुम्हाला बंद करायचाच असेल तर करा, पण विसरून नव्हे, ठरवून करा.

पुढे नॉर्वे, आइसलंड, डेन्मार्क असे उत्तरेकडचे देश एकामागून एक याच वाटेने गेले. मग गोष्ट समुद्र ओलांडून कॅनडात पोचली. तिथे १ डिसेंबर १९८९ पासून बनलेल्या प्रत्येक नव्या गाडीत दिवसाचे दिवे सक्तीचे झाले. नीट ऐका, सक्ती चालवणाऱ्यावर नाही, बनवणाऱ्यावर. जुन्या गाडीवाल्याला कुणी काही म्हणणार नव्हतं. रस्त्यावरच्या गाड्या जशा बदलत जातील तसे दिवे वाढत जाणार.

आता वेगळा दिवा बसवायचा म्हणजे खर्च. म्हणून काही कंपन्यांनी स्वस्तातली युक्ती केली. असलेलेच दोन अपर बीमचे दिवे एकामागे एक जोडले. असं जोडलं की बॅटरीचा दाब दोघांत विभागला जातो, प्रत्येकाला निम्मा मिळतो आणि दिवा मंद जळतो. युक्ती चांगली, पण अपर बीमचा रोख असतो सरळ समोर. तो समोरच्याच्या डोळ्यांत आणि पुढच्या गाडीच्या आरशात जातो. लोअर बीम रस्त्याकडे वाकलेला असतो, हा तसा नसतो.

अमेरिकेत हेच दिवे पोचले तेव्हा वाद पेटला. तिथल्या केंद्रीय वाहतूक सुरक्षा खात्याने १९९३ साली या दिव्यांना फक्त परवानगी दिली, सक्ती केली नाही. अपर बीमवरच्या दिव्याला ७,००० कँडेलापर्यंत मुभा होती. युरोपात वेगळ्या डीआरएलसाठी आज कमाल मर्यादा १,२०० कँडेला आहे, म्हणजे जवळजवळ सहापट फरक. जनरल मोटर्सने १९९५ च्या मॉडेल्सपासून आपल्या गाड्यांत हे दिवे द्यायला सुरुवात केली, आणि खात्याकडे तक्रारींचा पाऊस पडला. आरशात चमक येते, डोळे दिपतात, वळणाचा इंडिकेटर त्या चमकेत दिसत नाही. मोटरसायकलवाल्यांची तक्रार तर सगळ्यात विचार करण्यासारखी होती. ते म्हणाले, आम्ही लहान, म्हणून आम्ही दिवसा दिवा लावतो, आणि त्यामुळे उठून दिसतो. आता सगळ्याच मोटारींनी दिवे लावले तर त्या दिव्यांच्या गर्दीत आमचा एकुलता दिवा कोण बघणार?

१९९८ मध्ये खात्याने प्रकाश १,५०० कँडेलापर्यंत खाली आणायचा प्रस्ताव मांडला. २००४ मध्ये तो मागे घेतला. जनरल मोटर्सने २००१ मध्ये अर्ज केला की हे दिवे सगळ्यांनाच सक्तीचे करा. २००९ मध्ये तो फेटाळला गेला. फेटाळण्यामागे खात्याचा २००८ चा अभ्यास होता. त्यात दिसलं की या दिव्यांचा एकूण अपघातांवर संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा परिणाम नाही.

आता तुम्ही म्हणाल, फिनलंडात २१ टक्के आणि अमेरिकेत काहीच नाही? एक कारण ऊन आहे. टेक्सासच्या दुपारी गाडी तशीही दिसते. दुसरं कारण असं की असे आकडे काढणं फार अवघड असतं. स्वीडनच्या कायद्यानंतर ११ टक्के घट दाखवणारा अभ्यास झाला होता. १९९५ साली थिउवेस आणि रीमर्समा या दोन डच संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि म्हटलं, यातून असा निष्कर्ष निघत नाही. आम्ही इतिहासवाले यातून एवढंच घेतो की एका देशाच्या उजेडातलं उत्तर दुसऱ्या देशाच्या उजेडात जसंच्या तसं लागू होत नाही.

दुचाकीचं मात्र थोडं वेगळं आहे. मलेशिया तर विषुववृत्तालगत, ऊन आपल्यापेक्षा कमी नाही. तिथे १९९२ मध्ये मोटरसायकलींना दिवसा हेडलाइट सक्तीचा झाला. नंतरच्या अभ्यासात, समोरच्याला मोटरसायकल न दिसल्याने होणारे अपघात सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचं आलं. दुचाकी अंगाने अरुंद. ती लांब आहे की जवळ, वेगात येते आहे की सावकाश, याचा अंदाज चुकतो. दिवा तिथे जास्त उपयोगी पडतो.

आता एका अशा देशाकडे येऊ ज्याने दिवे लावले आणि मग विचार करून बंद केले. ऑस्ट्रिया. १५ नोव्हेंबर २००५ पासून तिथे सगळ्या मोटारींना दिवसा दिवे सक्तीचे झाले. १ जानेवारी २००८ पासून सक्ती रद्द. का? एक आक्षेप असा होता की चालकाची नजर दिव्यांकडे ओढली जाते, आणि ज्याच्याकडे दिवा नाही तो मागे पडतो. पायी चालणारा, सायकलवाला, शाळेत जाणारं मूल. म्हणजे दिव्याखाली अंधार, अक्षरशः. ही भीती कितपत खरी यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, पण प्रश्न खोटा नाही. प्रत्येक जण जास्त उठून दिसू लागला की जो तसाच राहिला तो आपोआप फिका पडतो.

आणि पुढची गंमत बघा. ऑस्ट्रियाने माणसावरची सक्ती काढली खरी, पण ७ फेब्रुवारी २०११ पासून युरोपीय संघाने मोटारींच्या नव्या मॉडेल्सना डीआरएल बंधनकारक केला. माणसाचं बोट मोकळं झालं, तोवर तार बांधली गेली होती.

पण तारेवर सगळं सोपवलं की काय होतं, तेही कॅनडानेच दाखवलं. दिवसाचा दिवा पुढे लागतो. मागचे लाल दिवे त्याच्याबरोबर लागतातच असं नाही. त्यात आता डॅशबोर्ड चोवीस तास उजळलेला. संध्याकाळ होते, समोर रस्त्यावर थोडा प्रकाश पडलेला दिसतो, डॅशबोर्ड झगमगतोय. चालवणाऱ्याला वाटतं, दिवे चालू आहेत. प्रत्यक्षात मागून गाडी काळीठिक्कर. अशा गाड्यांना तिथे भुताच्या गाड्या म्हणू लागले. शेवटी सप्टेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांसाठी नियम आला: एक तर दिवसाच्या दिव्याबरोबर मागचे दिवे लागू देत, नाहीतर अंधार पडला की सगळे दिवे आपोआप लागू देत, नाहीतर डॅशबोर्ड काळा राहू दे म्हणजे चालवणाऱ्याला कळेल. बटण काढून घेतलं तेव्हा त्याबरोबर माणसाची एक सवयही गेली होती. संध्याकाळ झाली की हात दिव्याकडे जायचा, ती सवय. बत्तीस वर्षांनी त्या सवयीची भरपाई करावी लागली.

आता आपल्या घरी येऊ. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना 'ऑटोमॅटिक हेडलॅम्प ऑन', म्हणजे एएचओ, लागू झालं. इंजिन सुरू की दिवा सुरू. बटण गेलं. सुरुवातीला रस्त्यावर काय गोंधळ! जो तो बोटं उघडमीट करून सांगतोय, आणि चालवणारा ओरडून उत्तर देतोय, "बंद होत नाही हो, नवीन गाडी आहे!" काहींनी गॅरेजमध्ये जाऊन वेगळा स्विच बसवून घेतला. हळूहळू बोटं थांबली. एक जुनी रीत काही महिन्यांत मेली, कुणी तिचा शोकही केला नाही.

हे दिवे कशासाठी, याचं उत्तर आकड्यांत आहे. २०२२ साली भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवर होती. म्हणजे दुचाकी दिसली पाहिजे, याबद्दल वाद नको. पण त्याच आकड्यांत आणखी एक ओळ आहे: सुमारे साडेएकोणीस टक्के माणसं पायी चालणारी होती. त्यांना ना किल्ली, ना तार.

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या रस्त्यांवर तिन्हीसांजेला काय दिसतं, तुम्हाला माहीत आहे. उसाने शीग लागलेली बैलगाडी. मागे दिवा नाही, लाल काच नाही; असली तरी वाढ्यांखाली झाकलेली. आणि मागून येणाऱ्या झगझगीत गाडीला ती शेवटच्या क्षणी दिसते. आपण मोटारीला दोन दिवे जास्त दिले, बैलगाडीला काय दिलं?

इथे पुन्हा फिनलंडची आठवण होते, आणि ती आम्ही मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवली होती. ज्या देशाने मोटारीला दिवसा दिवा लावायला लावला, त्याच देशात १९६० च्या दशकात आर्वी लेहती नावाच्या माणसाने अंगावर लटकवायचा प्लास्टिकचा छोटा रिफ्लेक्टर तयार केला. मूळ कल्पना होती आपल्या घोडागाडीला मागून कुणी धडकू नये म्हणून. पुढे तो माणसांच्या कोटावर लटकू लागला, आणि १९८२ पासून गावाबाहेर अंधारात चालणाऱ्यांनी तो वापरावा असं कायद्यातच आलं. मोटारीला दिवा दिला, तर पायी माणसालाही चमक दिली. ही दुसरी अर्धी गोष्ट आपण उचलली नाही. आपण अर्धीच उचलली, जी कारखान्यात बसवता येते.

तर आता चिठ्ठीवाल्या श्रोत्यांना उत्तर. आधी गाडीचं माहितीपुस्तक बघा. काही मोटारींत दिवा बंद करायची सोय पडद्यावरच्या सेटिंगमध्ये असते, काहींत दिव्याच्या बटणावर, काहींत हँडब्रेक ओढला की दिवा विझतो. काहींत सोयच नसते. ड्राइव्ह-इन सिनेमाला गेलात किंवा लष्करी नाक्यावर पहारेकऱ्याने दिवे बंद करा म्हटलं, तर ही सोय जरूर वापरा; ती त्यासाठीच आहे. दुचाकीचं मात्र आमचं ऐका आणि तार कापू नका. हेडलाइटचा बल्ब साधारण ३५ वॅटचा, त्याने पेट्रोलचं दिवाळं निघत नाही. समोरचे लोक डोळे दिपतात म्हणत असतील तर दिव्याचा रोख खाली करून घ्या. दोष बहुतेक वेळा दिव्यात नसतो, रोखात असतो.

आणि मोटारवाल्यांना एक विनंती. पुढचे दिवे आपोआप लागतात म्हणून निर्धास्त राहू नका. तिन्हीसांज झाली की बटणावर हात न्या, दिवे स्वतः लावा, एकदा खाली उतरून मागे लाल दिवा लागलाय का ते बघा. आणि पुढच्या हंगामात तुमच्या गावच्या बैलगाड्यांच्या मागे रिफ्लेक्टरची एक पट्टी चिकटवता आली तर चिकटवा. पूर्वी आपण अनोळखी माणसाला बोटं उघडमीट करून दाखवायचो, तेव्हाही आपल्याला दुसऱ्याचीच काळजी होती. ती बॅटरीची काळजी होती. आता जिवाची करू.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.